विंगेतली माणसं

बँकेच्या नोकरीत बदली काही नवी नसते. पण याआधी जिथे जिथे गेले तिथे कुणी ना कुणी आपलं होतं. अमरावतीत मावशीचं घर होतं, नागपुरात कॉलेजच्या मैत्रिणी होत्या. सांगलीला आले तेव्हा मात्र गावात ओळखीचं एकही दार नव्हतं. वय अडतीस, एकटी, विश्रामबागेत भाड्याच्या दोन खोल्या, आणि दिवसभर काउंटरपलीकडे माणसांची रीघ.

शाखेतले सहकारी चांगले होते, हे आधीच सांगते. दुपारी डबे एकत्र उघडायचो, माझ्या ठेच्याचं कौतुक व्हायचं, सणावाराला कुणीतरी आठवणीने पुरणपोळी आणून द्यायचं. तरी बोलणं फिरून फिरून ऑडिटवर, थकीत कर्जांवर, कुणाचं प्रमोशन अडलं यावरच यायचं. शिवाय मी अधिकारी. ज्यांच्या रजेच्या अर्जावर माझी सही लागते त्यांनी माझ्यापाशी मन मोकळं करावं, ही अपेक्षाच त्यांच्यावर अन्याय करणारी. माझ्या वरच्यांशी माझंही तसंच. संध्याकाळी शटर खाली आलं की जो तो आपापल्या घरी जायचा, आणि त्यात कुणाचंच काही चुकत नव्हतं.

आई अकोल्याहून रोज रात्री फोन करायची. जेवलीस का, दाराला आतून कडी लावलीस का, आणि मग ठरलेला प्रश्न, "तुह्या घरी कोनी येते-जाते का नाही वं?" मी विषय बदलायचे.

सकाळी फिरायला जाऊन पाहिलं. योगवर्ग लावला. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला गेले. ओळखी झाल्या, नाही असं नाही. योगवर्गातल्या बायका 'या एकदा घरी' असं मनापासून म्हणायच्या, पण वर्ग सुटला की प्रत्येकीला डब्यांची आणि रिक्षेची घाई. आठवडाभर गेले नाही तरी तिथे कुणाचं काही अडत नव्हतं. माणसं जोडली न जाण्याचं कारण स्वभावात नसून या न अडण्यात आहे, हे मला नाटकवाल्यांत गेल्यावर कळलं.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी भावे नाट्यमंदिरावरून जाताना राज्य नाट्य स्पर्धेचा फलक दिसला. शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय हौशी संघांसाठी ही स्पर्धा घेतं. साठाहून जास्त वर्षांच्या स्पर्धा होऊन गेल्या आहेत. प्राथमिक फेरी राज्यभरच्या केंद्रांवर होते, सांगली त्यातलं एक. रोज संध्याकाळी एक संघ आणि एक नाटक. तिकीट इतकं नाममात्र की मॉलमधल्या एका सिनेमाच्या पैशात आठवडाभर नाटकं बघून होतील. मी आत शिरले.

त्या दिवशीचं नाटक यथातथाच होतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. मग जातच राहिले, आणि लक्षात आलं की आजूबाजूचे चेहरे तेच आहेत. मधल्या रांगेत डावीकडे बसणारे टोपीवाले आजोबा, त्यांच्या हातात छोटी वही. दोन निवृत्त शिक्षिका, एकीला कमी ऐकू येतं म्हणून दुसरी तिला मध्यंतरात राहिलेलं सांगणार. वडील आणि दहावीतला मुलगा. मध्यंतरात चहाच्या गाड्यावर हीच सगळी मंडळी. एक दिवस आजोबांनीच विचारलं, "कालचं कसं वाटलं मॅडम? शेवटपर्यंत बसला होता, बघितलं मी."

त्यानंतर मला चहाच्या गाड्यावर उभ्याउभ्याच सांगली कळत गेली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं ते इथेच, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ तिथून मोजतात. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन त्यामुळेच, आणि त्याच दिवशी सांगलीत भाव्यांच्या नावाचं गौरवपदक दिलं जातं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर खुद्द सांगलीचे. आजोबा ही सगळी नावं घरातल्या वडीलधाऱ्यांची घ्यावीत तशी घेत. गावाला नाट्यपंढरी का म्हणतात ते मला त्यांच्या बोलण्यातून समजलं.

फेरी संपता संपता त्यांनी एका गृहस्थांशी गाठ घालून दिली. हायस्कूलात मराठी शिकवणारे, एका जुन्या हौशी संस्थेचे दिग्दर्शक, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. सरांनी सरळ विचारलं, "काम करणार?" मला अभिनय येत नाही म्हटल्यावर म्हणाले, "अभिनय करणारे भरपूर आहेत हो. विंगेत उभं राहणारं माणूस मिळत नाही. नंबर द्या, पुढच्या नाटकाच्या वाचनाला बोलावतो."

मधले सात-आठ महिने काही झालं नाही. मी ते विसरल्यातच जमा होते. ऑगस्टमध्ये खरोखरच फोन आला.

वाचन गावभागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. पुढे तालमीही तिथेच, साडेसात ते दहा, कारण दहाला शिपाईमामांना कुलूप लावायचं असायचं. सतरंजीवर सगळे गोल बसलेले. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारे भाऊ, मिरजेच्या एका दवाखान्यात सिस्टर असलेल्या ताई, एक विमा एजंट, कॉलेजातली तीन पोरं, वीजमंडळातला वायरमन दादा जो संस्थेची प्रकाशयोजना करतो, आणि नेपथ्यवाले अण्णा, जे एरवी दारं-खिडक्या करतात. मी कुठल्या हुद्द्यावर आहे हे कुणी विचारलं नाही. भाऊंनी गाव विचारलं. अकोला म्हटल्यावर लगेच म्हणाले, "म्हणजे दिवाळीला जाणार तुम्ही. तारखा आत्ताच सांगून ठेवा, तालमीचं बघायला लागंल." मी येऊन तास झाला नव्हता आणि माझ्या नसण्याची सोय लावणं सुरू झालं होतं. मला त्या प्रश्नाचं फार बरं वाटलं.

संहिता नवी होती, संस्थेतल्याच एकाने लिहिलेली. गाणं शिकवणारे एक वृद्ध गुरुजी वारलेत, तीन मुलं वाडा विकायला जमलीत, आणि खुंटीवरचा तानपुरा कुणी न्यायचा यावरून सगळं उकरून निघतं. स्पर्धेत उतरायचं तर लेखकाचं संमतिपत्र, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, अर्ज, अनामत रक्कम अशी कागदपत्रं लागतात. ती अर्थातच माझ्याकडे आली. ते काम मी दोन रविवारांत उरकलं. खरं काम होतं प्रॉम्प्टिंगचं.

प्रॉम्प्टिंग बाहेरून फार सोपं दिसतं. हातात संहिता धरायची, कुणी अडलं की शब्द द्यायचा. पण नट गप्प झाला म्हणजे अडला असं नसतं. थांबणं हाही अभिनय आहे. तो थांबलाय की अडलाय हे एका श्वासात ओळखायचं, कारण थांबलेल्याला शब्द दिला तर त्याचा सगळा प्रसंग मोडतो, आणि अडलेल्याला दिला नाही तर नाटक पडतं. सरांनी मला संहितेत खुणा करायला शिकवलं. पेन्सिलीची एक तिरपी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन रेघा म्हणजे मोठा. कुजबुजायचं नाही, कारण कुजबुजीतला 'स' आणि 'श' थेट प्रेक्षकांत जातो. खालच्या पट्टीत, स्पष्ट, पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द, बस.

दीड महिना मी रोज अडीच तास या माणसांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. नोकरीत मी कुणाकडे इतकं निरखून पाहिलेलं नाही, आणि माझ्याकडेही कुणी पाहिलेलं नाही. भाऊ विसरले की उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागतो, हिशेब केल्यासारखा. कॉलेजातला थोरला पोरगा समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तोंड उघडतो, कारण त्याला स्वतःचं विसरायची धास्ती असते. ताई एक शब्द विसरायच्या नाहीत. मात्र काही दिवशी त्यांच्या वाक्याचं शेपूट गळायचं, क्रियापद ऐकूच यायचं नाही. माझ्या प्रतीत त्या तारखांना मी बारीक फुल्या केल्या होत्या. फुल्या मोजता मोजता मला त्यांच्या दवाखान्यातल्या रात्रपाळ्या कळायला लागल्या. एका संध्याकाळी तालीम सुरू होण्याआधी मी त्यांना विचारलं, "काल रात्रपाळी होती ना?" ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "घरात पण कुणाच्या लक्षात येत नाही हो." त्या दिवसापासून मी शाखेतून येताना थर्मासमध्ये चहा आणायला लागले, आणि ताई माझ्याशेजारी सतरंजीवर पाय पसरून दहा मिनिटं डोळे मिटून पडायला लागल्या. आमची मैत्री अशी झाली. ओळख वाढवायला म्हणून आम्ही एकदाही कुठे बसलो नव्हतो.

सप्टेंबरात सरांनी माझ्या हातात प्रॉपर्टीची, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंची, यादी दिली. गुरुजींच्या घरातल्या वस्तू: पानाचा पितळी डबा, अडकित्ता, कंदील, लोखंडी पेटी, लंबकाचं घड्याळ, गोधडी, तानपुरा. भाड्याने आणायचं नाही, परवडत नाही आणि खरंही वाटत नाही, गावातून मागून आणायचं. परक्या गावात मी कुणाच्या दारात जाऊन अडकित्ता मागणार? भाऊ म्हणाले, "तुम्हीच जावा. आम्हाला सगळे वळखतात, आत घेत न्हाईत, दारातच विचारतात वर्गणी किती." सोबत कॉलेजातली पोरगी दिली.

सांगलीत येऊन वर्ष उलटलं होतं आणि मी कुणाच्या माजघरापर्यंत पोचले नव्हते. त्या पंधरवड्यात गावभागातल्या किती घरांत जाऊन बसले. एका वाड्यात आजींनी अडकित्ता काढून दिला तो आधी सुपारी कातरून दाखवून. "सासूबाईंचा आहे. नाटकात नुसता ठेवायचा असंल तर देत नाही. कातरणार असाल तर न्या." आमच्या नटाने सुपारी कातरण्याचा सराव त्यांच्याच ओट्यावर बसून केला.

बऱ्याच घरांतून मात्र 'होतं, पण पुरात गेलं' असंच ऐकायला मिळालं. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आकडे मी वर्तमानपत्रात वाचले होते, पण एका काकूंनी मला त्यांच्या भिंतीवरची रेघ दाखवली. दाराच्या चौकटीच्याही वर, मातकट, दोनदा रंग देऊनही उमटलेली. त्यांनी त्या रेघेवर तळहात टेकवला आणि खालच्या खोलीतल्या वस्तू एकेक करून सांगितल्या. लग्नातला आल्बम, शिलाई मशीन, सासऱ्यांचं घड्याळ, पुस्तकांचं कपाट. लोखंडी पेटी तेवढी माळ्यावर होती म्हणून वाचली. ती त्यांनी आम्हाला दिली. नाटकातला वाडा विकला जातो हे कळल्यावर विचारलं, "शेवटी विकतात का?" मी म्हटलं, काकू, बघायलाच या. त्या आल्या, जावेला घेऊन.

तानपुऱ्यासाठी ताई मला मिरजेला घेऊन गेल्या. तिथल्या सतारमेकर कुटुंबांच्या ओळीतल्या एका दुकानात ओळख निघाली. त्या कारागिरांनी भोपळे दाखवले, मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारे, वाळवून टांगलेले, आणि सांगितलं की वाद्य घडायच्या आधी भोपळ्यालाच किती वाट बघावी लागते. मग आतून एक जुना तानपुरा आणला. पैसे, चिठ्ठी काही नाही. "उन्हात ठेवू नका. आणि प्रयोगाच्या दिवशी मी येतो लावून द्यायला, तुमच्या नटाच्या हातनं व्हायचं नाही." मिरजेहून सांगलीपर्यंत रिक्षेत मी तो मांडीवर उभा धरून आणला. ताई सबंध वाटभर त्यांच्या माहेरचं बोलत होत्या.

सगळं असंच गोड चाललं होतं असं मात्र नाही. हौशी संस्थेत पगार नसतो, त्यामुळे कुणाला धरून ठेवायला काहीच नसतं. मान दुखावला की माणूस उठून जातो. आमचे विमा एजंट सप्टेंबरअखेर गेले. त्यांचा एक प्रवेश कापला होता आणि सर तो सगळ्यांदेखत कापून मोकळे झाले होते. सरांना आवाज चढवायची सवय आहे, आणि माझ्या मते ती वाईट सवय आहे. त्या रात्री हॉलबाहेर मी ते त्यांना सांगितलं. गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तालमीआधी ते एजंटांच्या घरी जाऊन आले. तरी एजंट काही परतले नाहीत. थोरल्या मुलाची ती भूमिका भाऊंकडे आली, आणि त्यांच्यामागे अडतीवरचे हिशेब होतेच.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. रात्री दहाला तालीम सुटते. बाईने गावात माणसं जोडावीत म्हणणं सोपं आहे. तिला रात्री सुखरूप घरी पोचवण्याची व्यवस्था कुणी केली आहे का, हा खरा प्रश्न आहे. आमच्याकडे तो नियमच होता. वायरमन दादा कुपवाडला जाताना मला विश्रामबागेत सोडायचे, पोरींना त्यांच्या गल्लीत सोडून भाऊ जायचे, आणि शेवटची बाई घरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय सर झोपायचे नाहीत. ताईंच्या घरी पोरांचं जेवणखाण त्यांच्या सासूबाई बघायच्या. पत्रिकेत त्यांचं नाव छापलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या वेळी मी ते घालून घेणार आहे.

ऑक्टोबरात मी तापाने पडले. दोन दिवस घरीच होते, शाखेत रजा कळवली होती, तालमीला 'बरं नाही' एवढाच मेसेज टाकला होता. दुसऱ्या संध्याकाळी ताई दारात उभ्या. ताप बघितला, माझे डोळे बघितले, आणि तशीच स्कूटरवर बसवून रक्त तपासायला घेऊन गेल्या. डेंग्यू निघाला. पुढचे काही दिवस माझ्या घराची किल्ली कुणाकुणाकडे फिरली मला माहीत नाही. भाऊंच्या घरून मऊ भात यायचा, पोरं आळीपाळीने बसायची आणि बसल्याबसल्या एकमेकांची वाक्यं पाठ करून घ्यायची. अण्णांनी न विचारता स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी ठोकली. आईने फोन केला तेव्हा मला बोलवत नव्हतं, म्हणून ताईच बोलल्या. वऱ्हाडी आणि मिरजेकडची बोली, दोघींचं अर्धा तास चाललं होतं. त्यानंतर आईने मला तिचा तो प्रश्न विचारलेला नाही. आता फोनवर पहिलं 'ताई कशा हायेत?' असं असतं.

प्रयोगाचा दिवस म्हणजे हमाली, आणि मी तो शब्द आदराने वापरते. आदल्या रात्री दुसऱ्या संघाने रंगमंच मोकळा केलेला असतो, आपल्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो उभा करायचा असतो. टेम्पोतून लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, उतरवा, फ्लॅट, म्हणजे भिंतींसाठीच्या चौकटी, उभे करा, त्यांना मागून टेकू द्या. वायरमन दादा शिडीवर चढून एकेक स्पॉट फिरवत होते आणि खाली कॉलेजातली पोरगी प्रत्येक नटाच्या जागेवर जाऊन उभी राहत होती, तोंडावर उजेड पडतो का बघायला. मी टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढली होती. अडकित्त्याच्या जागी अडकित्ता, डब्याच्या जागी डबा. वस्तू रंगमंचावर गेली की कागदावर तिची रिकामी जागा दिसते. चारच्या सुमाराला मिरजेचे कारागीर आले, विंगेत मांडी घालून बसले आणि तानपुरा लावला. त्या वेळी ठोकाठोकी आपोआप थांबली. मग नटराजाची पूजा, नारळ, घंटा.

दुसऱ्या अंकात, वाडा विकायच्या कागदावर सही करण्याआधी थोरला मुलगा बोलतो तिथे भाऊ थांबले. संहितेत त्या ठिकाणी माझ्या दोन रेघा होत्या. मी मोजत होते. थांबा लांबला. प्रेक्षागृह स्तब्ध, मला वाटलं, भाऊ रंगलेत. तेवढ्यात त्यांचा अंगठा पेरांवर फिरला. मी दोन शब्द दिले, "बाबांचा हात". भाऊंनी ते उचलले, पण लगेच नाही. एक श्वास घेऊन, मान वळवून, जणू ते शब्द त्यांना तानपुऱ्याकडे बघून सुचले. सरांनासुद्धा कळलं नाही. भाऊ आत आले ते थेट माझ्याकडे, घामाने थबथबलेले, काही न बोलता माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पुढच्या प्रवेशाला गेले.

पडदा पडल्यावर त्याच रात्री सगळं उतरवावं लागतं, दुसऱ्या दिवशी दुसरा संघ येणार. लेव्हल उचलताना माझ्या समोरच्या टोकाला विमा एजंट होते. ते प्रेक्षकांत बसले होते, नाटक संपल्यावर मागच्या दाराने आले आणि बाह्या सारून कामाला लागले. कुणी काही विचारलं नाही. रात्री एकच्या सुमारास नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर भाऊंच्या घरून आलेली पिठलं-भाकरी आणि मिरचीचा खर्डा असं जेवण झालं. आठवडाभरानंतर निकाल लागला. आमचं नाटक अंतिम फेरीला गेलं नाही, नेपथ्याचं पारितोषिक मात्र अण्णांना मिळालं. ते प्रमाणपत्र त्यांनी दुकानात लावलंय, दारांच्या नमुन्यांच्या शेजारी.

उसन्या आणलेल्या वस्तू परत करायला मी आणि ताई गेलो तेव्हा सगळीकडे पुन्हा बसावं लागलं. अडकित्तावाल्या आजींनी नाटकातल्या नटाने सुपारी जाड कातरली अशी तक्रार केली. पूररेषेच्या काकूंना शेवट पटला नव्हता. त्या आता अधूनमधून मला फोन करतात, बाजारात गेल्या की माझ्यासाठी पण भाजी घेऊन ठेवतात.

शाखेतही थोडा बदल झाला. सहकाऱ्यांनी आपली माणसं व्हावं ही माझी न बोललेली अपेक्षा गळून पडली, आणि गंमत म्हणजे तेव्हापासून ते मला जास्त आवडायला लागले. सहाला शटर खाली येतं तेव्हा मीही इतरांसारखीच घाईत असते.

बदलीवर नव्या गावी गेलेल्या कुणी विचारलं तर मी इतकंच सांगते: नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या गावी राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे का ते बघा, रोज जाऊन बसा, आणि कुठल्या तरी संस्थेला विचारा की मागचं काम काय आहे. भूमिका मागू नका. भूमिकेसाठी रांग असते, विंगेत नेहमी माणूस कमी असतं. नाटकाचं वेड नसेल तर भजनी मंडळ असेल, गड साफ करणारे असतील, ग्रंथालयाची पुस्तकं लावणारे असतील. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि आपण गेलो नाही तर अडेल असं एखादं काम, एवढं तिथे असायला हवं.

स्पर्धेनंतर सगळे पांगायला नकोत म्हणून आम्ही महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी घरी नाटक वाचायचं ठरवलं. सर म्हणत होते शाळेतच करू, ताई म्हणाल्या घरीच, त्याशिवाय घरची माणसं ऐकणार नाहीत. ताईंचं खरं झालं. त्यांच्या सासूबाई आता स्वतः एक भूमिका वाचतात आणि लेखकाला प्रश्न विचारतात. या महिन्यात माझी पाळी आहे. आई मुद्दाम त्यासाठी अकोल्याहून आली आहे आणि काल संध्याकाळपासून दाण्यांची चटणी कुटते आहे. माझ्याकडे खुर्च्या चारच आहेत, सतरंज्या अण्णा टेम्पोत घालून आणतील. खालच्या मजल्यावरच्या योगवर्गातल्या मैत्रिणीला विचारलं आहे, तिचं फाटक गाड्या लावायला उघडं ठेवील का. ती म्हणाली, ठेवते, पण मग मीही येऊन बसते.